शेंग दिसली म्हणजे नत्र मिळालंच असं नाही : खाणीच्या ढिगाऱ्यावर कोणती शेंगवर्गीय झाडं लावायची?

मागच्या महिन्यात एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने मला तिच्या रिसर्च प्रपोजलचा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, कोळसा खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर शेंगवर्गीय झाडं लावून जमीन सुधारणे. झाडांची यादी अशी होती : शिरीष, करंज, बहावा, गुलमोहर, कासोद, शिसू, सुबाभूळ, कांचन. खाली एक वाक्य होतं, ‘ही सर्व झाडे शेंगवर्गीय असल्याने हवेतील नत्र स्थिर करून मृदेची सुपीकता वाढवतील.’

या आठपैकी चार झाडांच्या मुळांवर गाठीच येत नाहीत. बहावा, गुलमोहर, कासोद आणि कांचन हवेतला नत्र घेत नाहीत. कडुनिंब जेवढा देतो तेवढाच ते देतात, म्हणजे पानगळीतून परत येतो तेवढा.

मी तिला काही बोलले नाही, कारण पहिल्या वर्षी माझ्या स्वतःच्या प्रपोजलमध्ये जवळजवळ हेच वाक्य होतं, आणि कमिटीतल्या कुणी ते पकडलंही नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांना मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करायची आहे, त्यांच्यापैकी काहीजण तरी हा विषय घेतीलच. विदर्भात खाणी आहेत, गोव्यात आहेत, आणि ‘शेंगवर्गीय झाडे आणि पुनर्वनीकरण’ हे शीर्षक ऐकायला सोपं वाटतं. म्हणून झाड निवडताना डोक्यात काय काय चालायला हवं ते जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी ढिगारा समजून घ्या

मी काम करते तो भाग वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर जिल्ह्यातला. उघड्या खाणीत कोळशाच्या थरापर्यंत पोचायचं तर वरचं सगळं काढून बाजूला टाकावं लागतं. वर काळी माती, तिच्याखाली कामठी वालुकाश्म, मग बराकर थरातले वालुकाश्म, शेल आणि त्यात कोळसा. हे बाजूला टाकलेलं सगळं म्हणजे ओव्हरबर्डन, खाणीवरच्या सगळ्यांच्या तोंडी ‘ओबी’. डंपर ते आणून ओततात आणि बघता बघता डोंगर तयार होतो. पहिल्यांदा चंद्रपूरला जाणाऱ्याला वाटतं इथे टेकड्या आहेत. टेकड्या नाहीत, ओबी आहे.

गंमत अशी की जमीन उलटी होते. जी काळी माती सर्वांत वर होती ती सर्वांत आधी निघते, म्हणून वेगळी साठवली नाही तर ढिगाऱ्याच्या तळाशी गाडली जाते, आणि लाखो वर्षं अंधारात असलेला दगड उन्हात येतो. नियमाप्रमाणे वरची माती वेगळी ठेवायची असते. ठेवतातही. पण उंच ढीग करून काही वर्षं ठेवली की आत हवा जात नाही, जिवंत मुळं राहत नाहीत, आणि मुळांवर जगणारी बुरशी व रायझोबियम जिवाणू दोन्ही कमी होत जातात. पसरायची वेळ येते तेव्हा ती दिसायला काळी माती असते, पण तिच्यातले कामगार निघून गेलेले असतात.

या दगडगोट्यात पाणी टिकत नाही, मे महिन्यात तो तापतो, वरून डंपर फिरल्याने सपाट भाग दाबून घट्ट होतो. पण सगळ्यात मोठी अडचण नत्राची. का ते नीट बघा, कारण शेंगवर्गीय झाडांचं सगळं समर्थन यावरच उभं आहे.

स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही सगळी दगडात असतात. दगड झिजला की हळूहळू सुटतात. नत्र मात्र बहुतेक दगडांत नसतोच. तो हवेतून येतो आणि सेंद्रिय पदार्थाच्या रूपात मातीत साठतो. म्हणजे नवीन ढिगाऱ्याचं नत्राचं खातं शून्यावरून सुरू होतं. हा मुद्दा सर्वांत स्पष्टपणे मांडला तो इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातले परिसंस्थाशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी. कॉर्नवॉलमधल्या चिनी मातीच्या खाणींचे पांढरे वाळूचे ढिगारे हा त्यांचा अभ्यासाचा विषय. चॅडविक यांच्यासोबत १९८० मध्ये त्यांनी जमिनीच्या पुनर्स्थापनेवर जे पुस्तक लिहिलं ते या क्षेत्रात आजही वाचलं जातं. त्यांच्या गटाच्या कामातून एक ढोबळ आकडा पुढे आला : स्वतःच्या पायावर उभी राहणारी परिसंस्था हवी तर मातीत हेक्टरी सुमारे १००० किलो नत्राची शिल्लक साठायला हवी.

आता हिशोब करा. १००० किलो नत्र युरियातून द्यायचा तर ४६ टक्क्यांच्या हिशोबाने २१७४ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या ४८ गोण्या. एका हेक्टरला. आणि द्यायचा म्हटला तरी वाळूसारख्या ढिगाऱ्यात पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराचसा वाहून जाईल. साठायला सेंद्रिय पदार्थ हवा, तोच नाही. याउलट एखादं शेंगवर्गीय आच्छादन वर्षाला हेक्टरी ५० किलो नत्र घालत असेल तर २० वर्षं, १०० किलो घालत असेल तर १० वर्षं. आणि हा नत्र पानातून, मुळातून, म्हणजे सेंद्रिय रूपातच येतो. एक सावधगिरी : १००० हा आकडा थंड, दमट हवामानातला आहे. चंद्रपूरच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेगच वेगळा. म्हणून तो प्रपोजलमध्ये जसाच्या तसा चिकटवू नका, पण विचार करायची पद्धत म्हणून डोक्यात ठेवा.

गाठ येते का?

शेंगवर्गीय कुळ म्हणजे फॅबेसी. शाळेपासून आपण त्याचे तीन भाग शिकलो : पॅपिलिओनॉइडी, मिमोसॉइडी, सिसाल्पिनिऑइडी. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून या कुळाची सहा उपकुळांत नवी मांडणी केली आणि मिमोसा गटाला सिसाल्पिनिऑइडीच्या पोटात घातलं. परीक्षेत अजून जुनी विचारतात, तो भाग वेगळा. आपल्या कामासाठी जुनी विभागणीच सोपी पडते : पॅपिलिओनॉइडीतल्या बहुतेकांना गाठी येतात (पळस, करंज, शिसू, गिरिपुष्प, ताग, धैंचा, चवळी, कुळीथ). मिमोसा गटातल्या बहुतेकांना येतात (शिरीष, किन्हई, खैर, बाभूळ, सुबाभूळ). उरलेल्या जुन्या सिसाल्पिनिऑइडीतल्या बहुतेकांना येत नाहीत : बहावा, कासोद, टाकळा, चिंच, गुलमोहर, पीतमोहर, कांचन, सीतेचा अशोक. अपवाद सगळीकडे आहेत, म्हणून पुस्तकावर थांबू नका, खणून बघा.

खणून म्हणते आहे, उपटून नाही. रोप उपटलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच राहतात, आणि तुम्ही वहीत ‘गाठी नाहीत’ लिहून मोकळे होता. भोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढा, बादलीत भिजवा, चाळणीवर हलक्या हाताने धुवा. मग गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन. आतून पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे किंवा निकामी, हिरवी-तपकिरी असेल तर म्हातारी. नुसती गाठींची संख्या मोजणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत. पन्नास पांढऱ्या गाठींपेक्षा पाच लाल गाठी बऱ्या.

बहावा लावायचाच नाही का? लावा की. मधमाश्या येतात, फुलतो तेव्हा डोळे निवतात, काटक आहे. फक्त नत्राच्या हिशोबात धरू नका.

जिवाणू आहेत का? आणि जिवंत आहेत का?

गाठ येण्याची क्षमता झाडात असते, पण गाठ करणारा जिवाणू मातीत असावा लागतो. जुन्या शेतात तो असतोच, म्हणून शेतकऱ्याने रायझोबियम लावलं नाही तरी तूर उभी राहते. ताज्या ओबीत तो नसतो, किंवा वाऱ्याने, पाण्याने आलेला इतका थोडा असतो की भरवसा ठेवता येत नाही.

इथे झाडांचे स्वभाव वेगळे. चवळी, ताग, स्टायलोसँथिस हमाटा ही मोकळ्या स्वभावाची मंडळी, अनेक प्रकारच्या जिवाणूंशी जमवून घेतात. सुबाभूळ निवडक, तिला ठरावीकच लागतात. त्यामुळे ‘रायझोबियम वापरले’ एवढंच लिहून भागत नाही, कोणत्या गटाचं ते लिहावं लागतं. हरभऱ्याचं पाकीट सुबाभळीला लावून काही होणार नाही.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षीच्या खरिपात मी साइटवर शिरीष, सुबाभूळ आणि स्टायलोचा प्रयोग लावला. अर्ध्या प्लॉटना जिवाणू संवर्धन, अर्ध्यांना नाही. संवर्धनाची पाकिटं मे महिन्यातच आणून ठेवली होती, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. जूनमध्ये पाऊस पडला, गुळाचं पाणी करून बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं, पेरलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. साठ दिवसांनी खणून पाहिलं तर दोन्हीकडे सारखंच. स्टायलोला दोन्हीकडे तुरळक गाठी, सुबाभळीला दोन्हीकडे शून्य, रोपं पिवळी. मी आकडे टाकले, विश्लेषण केलं, फरक नाही आला. मग एका परिषदेसाठी गोषवारा लिहायला घेतला : ओबीवर जिवाणू संवर्धनाचा परिणाम दिसत नाही. शीर्षकही झालं होतं.

गाईडनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, ‘पाकिटं ठेवली कुठे होती?’

साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चंद्रपूरच्या मे महिन्यात. बाहेर ४५-४६ अंश असतं तेव्हा पत्र्याखाली किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. उरलेलं एक पाकीट होतं, ते प्रयोगशाळेत आणून काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमावर लावलं. रायझोबियमच्या वसाहती त्यावर पांढुरक्या, चिकट दिसतात. माझ्या प्लेटवर दुसरंच काहीबाही उगवलं होतं, रायझोबियम जवळजवळ नाहीच. मी दोन महिने मेलेल्या जिवाणूंचा परिणाम मोजत होते.

एक खरीप गेला. फेलोशिपला पाच वर्षं असतात, त्यात खरीप पाचच. तुम्ही कागदावर ‘तीन हंगामांची आकडेवारी’ लिहिता ना, तेव्हा एक हंगाम वाया जाणार हे धरूनच लिहा. त्याहून मोठी भीती अशी की गाईडनी विचारलं नसतं तर तो गोषवारा छापला गेला असता, आणि उद्या कुणीतरी त्याचा दाखला देऊन संवर्धनाचा खर्च वाचवला असता. ‘परिणाम नाही’ हा निष्कर्ष काढण्याआधी, दिलेली गोष्ट खरंच दिली गेली होती का, हे तपासायची सवय मला त्या पाकिटाने लावली. आता पेरणीच्या दिवशी थोडं संवर्धन प्लेटवर टाकून जिवंत पेशी मोजते, आणि पाकिटं थर्मासच्या डब्यात जातात. त्यावरून साइटवरचे लोक माझी थट्टा करतात. करू देत.

वेगळा स्वस्त उपाय हवा असेल तर त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची ओंजळभर माती खड्ड्यात टाका. रायझोबियमही येतं आणि मुळांना स्फुरद पोचवणारी मायकोरायझा बुरशीही. प्रमाण ठरवता येत नाही म्हणून शोधनिबंधात ते कच्चं दिसतं, पण नर्सरीत काम करतं. नागपूरच्या नीरीने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर केलेलं काम या संदर्भात जरूर वाचा. साखर कारखान्याच्या प्रेसमडसारखा सेंद्रिय पदार्थ, सोबत जिवाणू आणि मायकोरायझा, मग रोपं, असा एकत्रित मार्ग त्यांनी घेतला. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट ही की झाडाची निवड एकटी पुरत नाही, त्याच्यासोबत खड्ड्यात काय जातं हेही तेवढंच महत्त्वाचं.

आणि हो, युरिया. रोपं पिवळी दिसली की ‘थोडा स्टार्टर डोस’ द्यायचा मोह होतो. मातीत तयार नत्र भरपूर मिळाला की झाड गाठी करायच्या भानगडीत पडत नाही. त्याला जिवाणूंना साखर पुरवावी लागते, फुकट मिळतंय तर खर्च कोण करेल?

स्फुरद, पीएच आणि दगडाची जात

नत्र स्थिर करणं महागडं काम आहे. हवेतला एक नत्र-रेणू फोडायला किमान १६ एटीपी लागतात, आणि एटीपी म्हणजे स्फुरद. म्हणून स्फुरद नसलेल्या ढिगाऱ्यावर शेंगवर्गीय झाड लावणं म्हणजे डिझेलशिवाय डंपर. नत्र द्यायचा नाही, पण सुपर फॉस्फेट द्यायचं, असा उलटा नियम इथे लागतो.

किती द्यायचं हे दगड ठरवतो. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचे ढिगारे जांभ्या दगडाचे, आम्लधर्मी, लोहाने भरलेले. लोह स्फुरदाला धरून ठेवतं, झाडापर्यंत पोचू देत नाही. शिवाय आम्लात मॉलिब्डेनमही मिळेनासं होतं, आणि नत्र फोडणाऱ्या नायट्रोजिनेज एन्झाइमच्या गाभ्यात लोहासोबत तेच असतं. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना काळातला, त्यात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी, त्यामुळे ढिगारा फार आम्ल होत नाही. काळी माती मिसळली असेल तर उलट विम्लच निघतो. आसामच्या माकूम भागातला कोळसा गंधकाने भरलेला. तिथे पायराइट हवेत उघडं पडून आम्ल तयार होतं आणि आधी चुना, मग बाकीचं. म्हणजे ‘कोळसा खाणीसाठी शिफारस केलेली झाडे’ अशी अखिल भारतीय यादी कुणी दिली तर ती बाजूला ठेवा आणि आधी पीएच मीटर काढा.

दहा वर्षांनी काय?

हा प्रश्न आपण सर्वांत कमी विचारतो. प्रकल्प तीन वर्षांचा, म्हणून तीन वर्षांत जो हिरवा तो चांगला.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं. ॲपलेशियन डोंगररांगांत कोळशासाठी जंगलं कापली गेली. १९७७ मध्ये तिथे उघड्या खाणींच्या पुनर्स्थापनेचा कायदा आला. हेतू चांगला होता : ढिगारा मूळ उतारासारखा करा, माती वाहू देऊ नका, हिरवं आच्छादन आणा, ते काही वर्षं टिकवून दाखवा, मगच अनामत परत. खाणवाल्यांनी सर्वांत खात्रीचा मार्ग धरला. यंत्रांनी जमीन दाबून गुळगुळीत केली आणि वर फेस्क्यूसारखं आक्रमक गवत आणि शेंगवर्गीय बी फेकलं. त्यातलंच एक सेरिसिया लेस्पेडेझा, मूळ आशियातलं, आम्ल जमिनीतही उगवणारं, दुष्काळ सोसणारं, नत्र स्थिर करणारं. कागदावर याच्याइतकं आदर्श झाड नाही. ढिगारे हिरवे झाले, अनामती परत मिळाल्या, आणि जंगल मात्र परत आलं नाही. घट्ट जमिनीत मुळं जाईनात, दाट गवत-लेस्पेडेझात झाडांची रोपं गुदमरली. लेस्पेडेझा खाणींबाहेरही पसरलं. जुन्या झाडात टॅनिन वाढतं म्हणून गुरं तोंड लावत नाहीत. कॅन्सस राज्याने २००० साली त्याला राज्यभर उपद्रवी तण ठरवलं. पुढे तिथल्या संशोधकांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून वेगळी पद्धत आणली : वरचा सुमारे सव्वा मीटरचा थर भुसभुशीत ठेवा, आच्छादन विरळ आणि बुटकं पेरा, मग झाडं लावा. म्हणजे पहिल्या वर्षी कमी हिरवं दिसलं तरी चालेल. हे वाक्य कायद्याच्या चौकटीत बसवायला त्यांना पाव शतक लागलं.

आपल्याकडचे लेस्पेडेझा कोणते ते सांगायला नकोच. वेडी बाभूळ माळावर माळ गिळते. सुबाभूळ, जिने सत्तर-ऐंशीच्या दशकात चाऱ्यासाठी खूप आशा निर्माण केल्या, ती शेंगा पाडून स्वतःचंच रान करते. गोव्याच्या ढिगाऱ्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ भराभर वाढते, उतार धरते, पण तिचा जाड पाचोळा लवकर कुजत नाही आणि खाली दुसरं फारसं उगवत नाही. नत्र पाचोळ्यात अडकून राहिला तर मातीला त्याचा काय उपयोग? म्हणून झाड किती नत्र पकडतं याच्याइतकंच ते किती लवकर सोडतं हे बघायचं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या गटाने सिंगरौलीच्या ढिगाऱ्यांवर शिरीष, किन्हई आणि इतर झाडांच्या लागवडींचा जो अभ्यास केला, त्याचा एक निष्कर्ष मी टेबलासमोर चिकटवून ठेवला आहे : नत्र स्थिर करणारी सगळी झाडं मातीतला नत्र सारख्याच प्रमाणात वाढवत नाहीत.

आणि जमीन शेवटी कुणासाठी? गेल्या वर्षी प्लॉटवर मोजमाप करत होते तेव्हा शेजारच्या गावचे एक काका बकऱ्या घेऊन कुंपणाशी आले. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘मॅडम, झाडं त लावून राहिले तुमी, पण आमच्या बकऱ्यायले काय?’ ही जमीन खाणीत जाण्याआधी गावाचं गायरान होतं. माझ्या प्रपोजलमध्ये नत्र होता, कार्बन होता, चारा हा शब्द कुठेच नव्हता. मी म्हटलं, काका, तेही बघते. तसं बघणं भाग होतंच : ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की खाणपट्ट्याच्या अटींतच खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत आणण्याची, ती चारा आणि वनस्पती-प्राण्यांसाठी योग्य करण्याची अट घालावी. ‘गवत’ आणि ‘चारा’ हे शब्द त्यामुळे आता भावनेचे राहिलेले नाहीत, अटीचे आहेत.

त्यानंतर मी उतारावर स्टायलो आणि मारवेल, धामण गवतांचं मिश्रण घेतलं, कापून नेता येईल असं. सपाट माथ्यावर पहिल्या वर्षी ताग आणि कुळीथ, फुलावर येताच तिथेच आडवे पाडायचे. झाडांत शिरीष, खैर, पळस, शिसू, करंज, पण एकूण रोपांच्या निम्म्याहून जास्त नाहीत. बाकी कडुनिंब, बांबू, सीताफळ. नुसत्या शेंगवर्गीयांचं रान केलं तर नत्र घालणारे सगळे आणि वापरणारं कुणी नाही अशी अवस्था होते. शिरीषाच्या कडक बियांना गरम पाण्याची प्रक्रिया द्यायला विसरू नका, नाहीतर अर्धं बी पुढच्या वर्षी उगवेल आणि उगवण टक्केवारीचा तुमचा तक्ता हास्यास्पद दिसेल.

मोजताना फसू नका

हा भाग खास प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठी. ओबीच्या मातीत कोळशाची भुकटी असते. वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब काढलात तर त्या कोळशाचा काही भागही त्यात मोजला जातो, आणि एक वर्षाच्या उजाड ढिगाऱ्याचा कर्ब शेतापेक्षा जास्त निघतो. माझा निघाला होता, मी आनंदाने उडीच मारली होती. शेलमधल्या जुन्या, झाडाला न मिळणाऱ्या नत्राचं जेल्डाल पद्धतीत तसंच होतं. म्हणून लागवडीआधीचा नमुना प्रत्येक प्लॉटमधून घ्या, आणि एकूण नत्रासोबत खनिजीकरणाचा वेगही मोजा.

दुसरं, चार, आठ, बारा वर्षांचे ढिगारे घेऊन ‘वयानुसार सुधारणा’ दाखवायची पद्धत सोपी आहे, पण हे ढिगारे एकाच दगडाचे, एकाच प्रकारे हाताळलेले होते याची खात्री आहे का? आणि एकाच ढिगाऱ्यावर दहा चौकोन टाकले म्हणजे दहा पुनरावृत्त्या होत नाहीत. ढिगारा एकच आहे. हे परीक्षक विचारतातच.

तिसरं, झाडाने हवेतून किती नत्र घेतला हे काढायला शेजारी नत्र स्थिर न करणारं एक संदर्भझाड लागतं. दोघांतला फरक, किंवा दोघांतल्या नत्र-१५ समस्थानिकाच्या प्रमाणातला फरक, यावर सगळं गणित. संदर्भझाड असं हवं की ज्याची मुळं, वाढीचा काळ, पानगळ जवळपास तशीच असावी. शिरीषासाठी गवत संदर्भ म्हणून घेतलं तर मुळांची खोलीच जुळत नाही.

त्या विद्यार्थिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी तिची नवी यादी आली. गुलमोहर आणि कांचन गेले होते. कासोद मात्र तिने ठेवला होता, वेगळ्या रकान्यात. तिथे लिहिलं होतं : ‘गाठी येत नाहीत. संदर्भझाड.’